अडलेला खमतखामणा

लाडबाईंनी मरायचं ठरवलं तेव्हा मोंढ्यात नव्या कापसाच्या गाड्या लागायला सुरुवात झाली होती आणि घरात कुणालाच त्यासाठी फुरसत नव्हती. पण लाडबाईंनी ठरवलं की ठरलं. जालन्याच्या मस्तगडातल्या त्या घरात पापड कुठल्या दिवशी लाटायचे इथपासून मूलचंदजींनी कुणाच्या लग्नाला पगडी घालून जायचं आणि कुणाच्या नुसती टोपी, इथपर्यंत सगळं त्याच ठरवत आल्या होत्या. मूलचंदजी मोंढ्यात मोठे आडते होते. तिथे त्यांनी नुसती भुवई उचलली की हमाल गप्प व्हायचे. घरात भुवई उचलायचं काम त्यांच्या बायकोकडे होतं आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

ही गोष्ट सगळ्यात आधी सुनेच्या लक्षात आली. संतोषबाईचा नवरा व्यापारासाठी हैदराबादला होता, त्यामुळे घरातल्या घरात लक्ष ठेवायला तिला वेळ भरपूर. आपल्या सासूबाई हल्ली कपडे स्वतः धुतात, तेही मोलकरीण यायच्या आधी, हे तिने दिवाळीपासून हेरलं होतं. ज्या बाईने लग्नानंतर धुण्याच्या दगडाला हात लावला नाही, तिला एकाएकी धुण्याची हौस कुठून आली? एका सकाळी ती दोरीजवळ गेली. कांचळीवर, म्हणजे चोळीवर, डाव्या बाजूला धुऊनही न गेलेला, मसुराएवढा तांबूस डाग होता. दोन दिवसांनी दुसऱ्या कांचळीवर, बरोबर त्याच जागी, तसाच डाग.

"सासूजी, हे काय हाये?" तिने विचारलं.

"पिन टोचली."

"दोन्ही वेळा तिथंच?"

लाडबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसरी एखादी सून स्वयंपाकघरात पळाली असती. संतोषबाई उभी राहिली. मग लाडबाई पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "बोंडातून येतं. आपोआप. दुखत न्हाई, काई न्हाई. माझ्या आईलाबी छातीचंच झाल्तं. सेलूला मी तिच्या उशाशी बसून व्हते शेवटपर्यंत. मला माहीत हाये हे काय असतं ते. तू कुणाला बोलायचं न्हाई."

संतोषबाईने कुणालाही न सांगण्याची शपथ घेतली आणि दुपारी काकीसासू बसंतीबाईला सांगितलं. बसंतीबाईने कुणाला सांगू नका म्हणून नवऱ्याला, म्हणजे गौतमचंदला सांगितलं. गौतमचंदने दुकानाच्या गादीवर मोठ्या भावाच्या कानात सांगितलं, आणि मूलचंदजींना ते फक्त स्वतःपाशी ठेवावं लागलं, कारण सांगायला आता कुणी उरलं नव्हतं.

*

गौतमचंद माणूस धावपळीचा. मंठ्याला माल बघायला जायचा असला तरी तो लग्नाला निघाल्यासारखा निघायचा. त्याने दुसऱ्याच दिवशी मिशनच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरीनबाईंची गाठ घेतली आणि संध्याकाळच्या जेवणाला, म्हणजे दिवस मावळायच्या आत, सगळ्यांसमोर विषय काढला.

"भाभी, त्या म्हणल्या, बघितल्याशिवाय काई सांगता येत न्हाई. पण रक्त आलं म्हंजे दर वेळी तेच असतं असं बिलकुल न्हाई."

"माझ्या छातीचं तुम्ही जाऊन दवाखान्यात बोलून आले?" लाडबाई म्हणाल्या.

"नाव न्हाई घेतलं मी."

"मंग काय सांगितलं?"

"आमच्या घरातली एक बाई, असं."

"तुमच्या घरात बाया किती हायेत?"

गौतमचंद ताटाकडे बघायला लागला. मूलचंदजींनी घसा साफ केला. त्यांना म्हणायचं होतं की दाखवून यायला काय हरकत आहे. ते म्हणाले, "बघू की. घाई कसली." खरं म्हणजे ते घाबरले होते. सासूबाईंचे शेवटचे दिवस त्यांनीही पाहिले होते, आणि डॉक्टरने एकदा तोंडाने उच्चारलं की ते खरं होईल असं त्यांना वाटत होतं. इतकी वर्षं बायकोच्या मागे उभं राहायची सवय लागलेली, तिच्या पुढे जाऊन उभं कसं राहायचं हे त्यांना येत नव्हतं.

"मी दवाखान्यात जाणार न्हाई," लाडबाईंनी निकाल दिला. "कापून घेणार न्हाई. आईसारखी सडणारबी न्हाई. पुनवेनंतर महासतीजी विहार करून मंठ्याकडं जातील. त्याच्या आधी मी दवा न घेण्याचं पचखाण घेते. जितके दिवस हायेत तितके धर्मध्यानात काढीन."

पचखाण म्हणजे महासतीजींसारख्या साध्वींच्या समोर हात जोडून घेतलेलं व्रत. ते एकदा घेतलं की मोडायचं नाही, आणि लाडबाईंनी तर साधं हिरव्या भाजीचं पचखाणही कधी मोडलं नव्हतं. म्हणून घरातल्या सगळ्यांना कळलं की जे काही करायचं ते पुनवेच्या आत.

जैन स्थानकात, साध्वींच्या मुक्कामी, महासतीजींनी लाडबाईंचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "दवा घ्यायची का न्हाई, हे आम्ही सांगत न्हाई," त्या म्हणाल्या. "ते तुमचं तुम्ही बघा. पण असं पचखाण मागता, तर आधी मन साफ करून या. सगळ्यांशी खमतखामणा करा, माफी मागा आन् माफी द्या. कुणाचं तुमच्याशी वैर राहिलं असेल, तर ते मिटवूनच या."

"माझं कुणाशी वैर न्हाई," लाडबाई म्हणाल्या.

"मंग एका दिवसाचं काम हाये," महासतीजी म्हणाल्या.

*

रविवारी दुपारी बैठकीत सगळे जमले. लाडबाई पांढऱ्या चादरीवर ताठ बसल्या होत्या, धडधाकट, गाल गुलाबी, आणि सकाळीच त्यांनी मोलकरणीला दोनदा झापलेलं होतं. त्यांच्याकडे पाहून या बाईच्या जाण्याची तयारी चालली आहे असं कुणी म्हटलं नसतं. मूलचंदजी गादीवर, गौतमचंद त्यांच्या बाजूला, संतोषबाई तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन. बसंतीबाई दाराच्या आड, हनुवटीपर्यंत घुंगट ओढून. जेठ, म्हणजे मोठे दीर, समोर असले की तिने बोलायचं नाही हा रिवाज; संतोषबाईच्या वेळेपर्यंत तो ढिला झाला होता. एकवीस वर्षं एका छपराखाली राहून मूलचंदजींनी तिचा आवाज फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता. तोही बहुतेक वेळा चढलेला.

"मी जाणूनबुजून, न जाणता, ज्याचं ज्याचं मन दुखवलं असेल, त्यांनी मला माफ करावं," लाडबाईंनी हात जोडले. "आन् तुमचंबी कुणाचं काई असेल तर सांगून मोकळं व्हा. मी सगळ्यांना माफ करून राह्यले."

संवत्सरीला हे दरवर्षी होतं. तेव्हा सगळे भराभर हात जोडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पारण्याच्या तयारीला लागतात. पण माणूस जाणार म्हटल्यावर जीभ वेगळी चालते. सगळ्यात आधी गौतमचंदचा बांध फुटला.

"भाभी, मी मंठ्याला गेलो का दर वेळी तिथल्या कारभाऱ्याच्या घरी कांद्याची भजी खातो."

"दर वेळी?"

"पावसाळ्यात दोनदा."

लाडबाईंनी डोळे मिटले. "माफ केलं."

मग मूलचंदजी. ते बराच वेळ पगडी हातात फिरवत होते. "तुमच्या मागच्या अठाईत," ते म्हणाले, "मी तुमच्याबराबर आठ दिवस उपास धरलेते."

"धरलेते. सगळ्या जालन्यात सांगितलं मी."

"चौथ्या दिवसापासून दुकानात शेव खात व्हतो."

गौतमचंद भावाकडे वळून बघायला लागला. मूलचंदजींच्या चेहऱ्यावरून मात्र वर्षभराचं ओझं उतरलं. लाडबाईंना माफ करायला या वेळी जरा जास्त वेळ लागला, पण त्यांनी केलं.

आता संतोषबाईची पाळी. ती आधीच मुसमुसत होती. "सासूजी, त्या वर्षीचे पापड... सगळे लाल पडलेते, फेकून द्यावे लागले. ते काकीजींमुळं न्हाई झालं. पापडखार घातला हे इसरून मी परत घातला व्हता."

दाराआड घुंगट हलला. त्या पापडांवरून बसंतीबाईला दोन वर्षं ऐकून घ्यावं लागलं होतं. लेकीसुना आल्या, सोयरे आले, की लाडबाई पापडाचं ताट पुढे करून न चुकता म्हणायच्या, "हे बसंतीनं न्हाई केले, बिनघोर खा."

"माफ केलं," लाडबाई म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. "बसंती, पापडाचं मी तुला उगीच बोलले. मला माफ कर. अजून काई असेल तर तेबी."

लाडबाईंनी हात जोडलेलेच ठेवले.

"बसंती?"

"संतोष," घुंगटातून आवाज आला, "तुझ्या सासूजींना सांग, पापडाचं माफ केलं. बाकीचं न्हाई करत."

सगळे दाराकडे बघायला लागले. गौतमचंद उठून उभा राहिला. "अगं, काय बोलून राह्यलीस? ही काय येळ हाये का?"

"संतोष, तुझ्या काकासासऱ्यांना म्हणावं, खाली बसा."

गौतमचंद खाली बसला.

"दरवर्षी संवत्सरीला तर करतेस की," लाडबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"दरवर्षी तोंडानं म्हणते. ते तुम्हालाबी माहीत हाये." बसंतीबाई आता संतोषमार्फत बोलायची विसरली होती. "चंपीला तीन दिवस ताप व्हता. हे मंठ्याला गेल्ते, भाईजी मुंबईला. मी तुमच्या पाया पडले का टांगा बोलवा, मिशनच्या दवाखान्यात न्या. तुम्ही म्हणल्या, दिवस मावळला, आता तिच्या तोंडात दवा घालतील, कोंबडीचा रस घालतील, धर्म बुडेल, सकाळी बघू. सकाळी काय बघितलं आपण?"

चंपीचं नाव त्या घरात बारा वर्षांनी घेतलं जात होतं. गौतमचंदने तोंड फिरवलं. मूलचंदजींनी पगडी खाली ठेवली.

"तुम्हाला माफ केलं, का तुम्ही पचखाण घेणार," बसंतीबाई म्हणाली. "दवाखाना तेवढाच दूर हाये. टांगा तोच. तवा माझ्या पोरीला नेलं न्हाई, आता स्वतःला नेत न्हाई. मी कशाला माफ करू? आधी जाऊन दाखवा. मंग बोलू."

ती आत निघून गेली. बांगड्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि मग डबे आपटल्याचा आवाज आला.

*

त्या दिवशी सगळं घर बसंतीबाईच्या विरुद्ध झालं. गौतमचंदने बायकोला कठोर काळजाची म्हटलं, मग चंपीचा फोटो नसल्याचं आठवून परसात जाऊन रडून आला. संतोषबाईने काकीजींशी बोलणं टाकलं, आणि पापडखाराची कबुली देऊन आपण जी बाजू कमावली ती एका तासात गमावली असं तिला वाटत राहिलं. लाडबाई खोलीत माळ घेऊन बसल्या. माळ एकाच मण्यावर अडली होती. त्यांच्या मनात राग होता, पण राग कुणावर हे ठरत नव्हतं, आणि न ठरलेल्या रागाची त्यांना सवय नव्हती.

एकटे मूलचंदजी संध्याकाळी हिशेब सोडून विचार करत बसले. कापसाच्या बाजारात त्यांनी आयुष्य घालवलं होतं. समोरचा अडून बसला की कोण कशासाठी अडतो हे त्यांना पटकन कळायचं. महासतीजी म्हणाल्या होत्या, सगळ्यांची माफी घेऊन या. एकीची राहिली. ती राहिली तोवर पचखाण नाही. पचखाण नाही तोवर दवाखान्याची वाट मोकळी. बसंतीबाईला हे कळलं होतं की नाही, देव जाणे. त्यांना मात्र आत्ता कळलं, आणि त्यांच्या अंगात एकदम उत्साह आला.

ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. तिथे ते लग्नानंतर फारसे गेले नव्हते. बसंतीबाईने घाईने घुंगट ओढला. संतोषबाई भाकरी थापत होती.

"संतोष," मूलचंदजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तुझ्या काकीसासूला सांग. त्यांनी बिलकुल माफ करू नये. घरातले काईबी म्हणोत, अडून राहावं म्हणावं."

संतोषबाईचा हात पिठात तसाच राहिला. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, मग काकीजींकडे. मग हळूहळू तिचा चेहरा उजळला.

"काकीजी, सासरे म्हणतेत—"

"ऐकलं," बसंतीबाई म्हणाली. तव्यावरची भाकरी उलटून ती पुढे म्हणाली, "भाईजींना सांग, मी त्यांच्यासाठी अडून न्हाई राह्यले. मला खरंच माफ करायचं न्हाई."

"बराबर," मूलचंदजी भिंतीला म्हणाले. "तरीबी म्हणावं, उपकार झाले."

मंगळवारी सकाळी लाडबाई स्वतःच चपला घालून अंगणात उभ्या राहिल्या. "टांगा बोलवा," त्या म्हणाल्या. "नुसतं दाखवून येते. कापून घेणार न्हाई. बसंती, तूबी चल. नंतर म्हणशील मी गेलेच न्हाई."

*

डॉक्टरीनबाई अहमदनगरकडच्या, पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी लाडबाईंना पडद्यामागे नेलं, निजवलं आणि एका बोटाने बोंडाभोवती हळूहळू दाबत गेल्या, घड्याळाचा काटा फिरतो तसं. एका ठिकाणी दाब पडताच तांबडा थेंब वर आला.

"एकाच तोंडातून येतंय," त्या म्हणाल्या. "आईचं कसं होतं?"

"गाठ दगडासारखी. वरची चामडी आत ओढलेली. काखेतबी गाठी."

"तुमच्या काखेत काही नाही. चामडीही चांगली आहे. इथे आत वाटाण्याएवढं काहीतरी मऊ लागतं, बस." त्यांनी हात धुतले. "दूध यायच्या बारीक बारीक नळ्या असतात. एखाद्या नळीत आतून चामखिळीसारखी वाढ होते. ती नाजूक असते, जरा धक्का लागला की रक्त सुटतं. बहुतेक वेळा निरुपद्रवी असते."

"मंग मी घरी जाते."

"बहुतेक म्हटलं मी. बहुतेकवर मी कुणाला घरी पाठवत नाही. ती एक नळी तेवढी काढू, हैदराबादला तपासायला पाठवू. तिथे काचेखाली बघून खात्रीने सांगतात."

"सगळी छाती काढणार?"

"नाही. इतकीशी चीर, काळ्या भागाच्या कडेने. वर्षभराने शोधावी लागेल."

"आन् ते दुसरंच निघालं तर?"

"तर तुम्हाला समोर बसवून सांगेन. लपवणार नाही."

लाडबाईंनी आयुष्यभर लोकांना सरळ उत्तरं दिली होती. सरळ उत्तर देणारं माणूस समोर बसलेलं त्यांना नवीन होतं. त्यांनी शेवटचं शस्त्र काढलं. "आम्ही दिवस मावळल्यावर पाणीबी पीत न्हाई. उकळलेलं पाणी लागतं. तुमच्याकडं अंडी, रस, काय काय देतेत."

"तिकडे कोपऱ्यात बघा," डॉक्टरीनबाई म्हणाल्या. व्हरांड्यात एक माठ होता, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला. "उकळून गाळलेलं पाणी. तुमच्या समाजाच्या बाया नेहमी येतात. गोळ्या दिवस मावळायच्या आत देतो. रात्री लागलंच तर सुई देतो. सुई तोंडात जात नाही, तिला तुमची ना नसते."

"हे कधीपासून चालतं?"

"मी इथे यायच्या आधीपासून. वीसेक वर्षं झाली असतील."

लाडबाईंनी माठाकडे पाहिलं. बसंतीबाई दाराशी उभी होती. तीही माठाकडे बघत होती. मग लाडबाईंनी ऑपरेशनला हो म्हटलं. डॉक्टरीनबाईंना वाटलं आपण बाईला नीट पटवलं.

*

ऑपरेशन झालं. लाडबाई तीन दिवस दवाखान्यात राहिल्या आणि तेवढ्यात त्यांनी तिथल्या झाडूवालीला झाडायला, आयाला अंथरूण घालायला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला नवऱ्याशी कसं बोलायचं ते शिकवलं. महासतीजी पुनवेनंतर मंठ्याकडे निघून गेल्या. जाताना त्यांनी लाडबाईंची चौकशी केली आणि दवाखान्यात आहेत म्हटल्यावर "बरं" एवढंच म्हणाल्या.

हैदराबादचं उत्तर यायला वेळ लागला. त्या दिवसांत घरातली हवा चमत्कारिक झाली. माणूस जाणार म्हणून सगळ्यांनी पोटातलं सांगून टाकलं होतं आणि माणूस समोर बसून वरण मागत होतं. मूलचंदजी दुकानातून आले की लाडबाई त्यांच्या मिशांकडे शेवेचा कण शोधत असल्यासारख्या बघायच्या. गौतमचंदला मंठ्याचा दौरा होता, तो त्याने दुसऱ्याच्या गळ्यात मारला. पापड लाटायला बसल्यावर सासूबाईंनी पापडखाराची पुडी न बोलता सुनेच्या मांडीवर ठेवली. माफ केलेलं विसरलं पाहिजे असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही, आणि लाडबाई शास्त्राच्या बाहेर कधी गेल्या नव्हत्या.

मार्गशीर्षात एका दुपारी डॉक्टरीनबाईंनी बोलावलं. मूलचंदजी, लाडबाई आणि बसंतीबाई गेले. डॉक्टरीनबाईंनी कागद टेबलावर ठेवला; त्या आधी बोलल्या, मग त्यांनी चष्मा लावला.

"कॅन्सर नाही. साधी वाढ होती, नळीतली. काढली, संपलं. तुम्ही बऱ्या आहात."

मूलचंदजी खुर्चीत मागे टेकले आणि भर दवाखान्यात डोळ्यांना उपरणं लावलं.

"पुन्हा होतं का?" लाडबाईंनी विचारलं.

"क्वचित. एकच होती, त्यामुळे भीती कमी. वर्षातून एकदा दाखवून जा. पुन्हा रक्त दिसलं, किंवा उजव्या बाजूला काही लागलं, तर दोरीवर कपडे वाळवत बसू नका. त्याच दिवशी या."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला? दोरीचं?"

"तुमच्या जावेनं," डॉक्टरीनबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मूलचंदजींनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. विचारलं कशाचे, तर म्हणाले कापसाला भाव आला. गौतमचंद जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत होता. फक्त लाडबाई पेढा हातात घेऊन बसून राहिल्या. संतोषबाईला कळेना. मरायचं ठरवलं तेव्हा ही बाई राणीसारखी बसली होती आणि आता जगायचं ठरलं तर खांदे पडलेत.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी घर सामसूम झालं. लाडबाईंचा डावा हात अजून वर जात नव्हता, जखम ओढायची. संतोषबाई बाळाला घेऊन झोपली होती, म्हणून बसंतीबाई तेलाची वाटी आणि कंगवा घेऊन आली आणि न विचारता जावेच्या मागे बसली. तिने केस सोडले.

"दवाखान्यात जाऊन आले मी," थोड्या वेळाने लाडबाई म्हणाल्या.

"पाह्यलं."

"तो माठ वीस वर्षांपासून हाये म्हणे. उकळलेल्या पाण्याचा. मी तवा कुणाला तरी पाठवून इचारलं असतं, एवढंच. इचारलंबी न्हाई मी. मला वाटलं मला सगळं माहीत हाये."

बसंतीबाई कंगवा फिरवत राहिली.

"वाचली असती का गं चंपी?"

"मी इचारलं डॉक्टरीनबाईला," बसंतीबाई म्हणाली. "तुम्हाला आत नेलं व्हतं तवा. त्या म्हणल्या, बारा वर्षांमागच्या तापाचं आज काय सांगू. सांगता येत न्हाई म्हणल्या."

"तू काय म्हणलीस?"

"काई न्हाई. मी म्हणले, भाभीजींना नीट शिवा."

लाडबाईंचे खांदे हलायला लागले. त्या रडत होत्या, तोंडाला पदर लावून, आवाज न करता. आईसाठी, स्वतःसाठी असं त्या रडल्या नव्हत्या. "मला माफ नको करू, बसंती," त्या म्हणाल्या. "मागतबी न्हाई मी आता."

"न्हाई करत."

बसंतीबाईने केसांचे तीन पेड केले. पेड सारखे येईनात. तिने ते सोडले आणि पुन्हा घेतले.

"तिला माझ्या हातची वेणी बिलकुल आवडायची न्हाई," ती म्हणाली. "मी बसवलं का उठून पळायची. म्हणायची, बडी माँ घालतील."

"ढिली व्हायची तुझी," लाडबाई म्हणाल्या.

"व्हायची," बसंतीबाई म्हणाली. "भाभीजी, तुम्ही तिची कशी घालायच्या ते सांगा मला."